दाजींचं कॅथेड्रल

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जे जे म्हणून बांधलं गेलंय ते सगळं पाडून टाकायला हवं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला. आमच्या जालन्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. दाजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लग्नात मान मागणारा आणि पंगतीत मटणाची नळी मागणारा एक गुबगुबीत इसम येतो. आमच्या दाजींनी कधी काही मागितलं नाही. त्यांना फक्त भिंती सरळ हव्या असत. पेशाने आर्किटेक्ट, अंगाने वाळकुडे, अंगात पांढरा हाफ शर्ट, आणि खिशात पेनच्या जागी पितळी ओळंबा. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधून खाली सोडतात, तो. कुठल्या लग्नाला गेले की आहेर देऊन झाल्यावर ते हॉलच्या खांबापाशी जात, ओळंबा सोडत, एक डोळा मिटून बघत, आणि “अर्धा इंच” एवढंच म्हणून जेवणाच्या रांगेत उभे राहत. नेमकं काय अर्धा इंच हे यजमानांना कळत नसे, पण पाठवणी होईपर्यंत त्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नसे.

रस्त्याने त्यांच्याबरोबर चालणं ही एक शिक्षाच होती. भांडुपला एखाद्या नव्या इमारतीसमोर थबकून विचारत, “हे काय आहे?” “बँक आहे, दाजी.” “बँक आहे हे पाटी सांगते. इमारत काय सांगते?” आणि लगेच स्वतःच उत्तर देत, “इमारत सांगते, मी ग्रीसहून आलेय, वाट चुकलेय, मला कोणीतरी घरी सोडा.” खोट्या खांबांवर त्यांचा विशेष राग. त्यांच्या स्वतःच्या सोसायटीने रंगकाम काढलं तेव्हा फाटकाला दोन सिंह आणि चार ग्रीक खांब लावून घेतले. त्या दिवसापासून दाजी मागच्या, कचऱ्याच्या गाडीच्या फाटकाने ये-जा करू लागले. पावसाळ्यात तिथे घोटाभर पाणी साचायचं. ताई सिंहांच्या मधून ऐटीत बाहेर पडायची आणि पँट दुमडून, चपला हातात घेऊन येणाऱ्या नवऱ्याची कोपऱ्यावर वाट बघत उभी राहायची.

मला मुलगी बघायला गेलो तेव्हा वडील नाहीत म्हणून दाजी वडीलधारे. मुलीकडच्यांनी नुकतीच हॉल आणि किचनच्या मधोमध मोठी हौसेची कमान काढून घेतली होती. पोहे आले, मुलगी आली, मी मान खाली घालून बसलो, आणि दाजी उठून कमानीवर बोटं आपटायला लागले. टक टक. पोकळ. “ही कसलाच भार घेत नाही,” ते म्हणाले. होणारे सासरे हसून म्हणाले, “शोभेची आहे ना ती.” दाजी गंभीरपणे म्हणाले, “मग घरात कशाला ठेवलीय? बाकी सगळे काहीतरी काम करतात ना इथे?” लग्न जमलं, पण ते माझ्या बायकोच्या हट्टामुळे. सासरेबुवा आजही पाहुण्यांना कमान दाखवताना आधी माझ्याकडे बघून घेतात.

स्वतःच्या घरात तर त्यांनी कहरच केला होता. भिंतीचा गिलावा खरवडून आतलं काँक्रीट उघडं केलं आणि ते तसंच ठेवलं. करडं, खडबडीत, फळ्यांचे ठसे उमटलेलं. घरी आलेला प्रत्येक पाहुणा सोफ्यावर बसता बसता विचारायचा, “काम चालू आहे का?” अकरा वर्षं ताई सगळ्यांना एकच उत्तर देत होती, “हो, संपत आलंय.” दाजी मात्र येता-जाता त्या भिंतीवरून हात फिरवत, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. त्यांची आई बिगारी कामाला जायची. घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीतून पोराला कडेवर घेऊन निघायची आणि साइटवर वाळूच्या ढिगावर त्याला निजवून दिवसभर घमेली वाहायची. “आई जे डोक्यावरून नेते त्याची संध्याकाळपर्यंत भिंत होते, हे मी रोज बघायचो,” ते एकदा म्हणाले. “आणि मग कोणीतरी येऊन तिच्यावर टाइल चिकटवायचा.”

एवढ्या सगळ्या मतांचा हा माणूस बावीस वर्षं अंधेरीतल्या एका बड्या आर्किटेक्टच्या ऑफिसात टॉवरचे संडास काढत होता. हे मी विनोदाने सांगत नाही. मोठ्या ऑफिसात कामं वाटलेली असतात. कोणी इमारतीचा दर्शनी भाग काढतो, कोणी लॉबी काढतो. दाजी संडास, जिने आणि पाण्याच्या टाक्या काढत. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं पुढे जाऊन लॉब्या काढू लागली. दाजी तिथेच राहिले, कारण साहेबांनी दर्शनी भागाला सोनेरी काच लावली की हे सर्वांदेखत विचारत, “का?” ऑफिसात हा प्रश्न बढतीला चांगला नसतो.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. म्हणजे आर्किटेक्टने जे काढलंय ते पडणार नाही एवढं बघायचं आणि सही करायची. कांजूरमार्गच्या एका चर्चची शेड धोकादायक झाली होती, ती तपासायचं काम माझ्याकडे आलं. पंथ लहानसा. पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेली नगर-जालन्याकडची मराठी माणसं, पेटी-तबल्यावर भजनं म्हणणारी. पण त्यांना स्वतःचे बिशप होते, आणि बिशपची खुर्ची जिथे असते त्या चर्चला कॅथेड्रल म्हणतात. तेव्हा गळक्या सिमेंटच्या पत्र्याखालची ती शेड कायद्याने कॅथेड्रल होती. शेड उभी होती ती निव्वळ प्रार्थनेच्या जोरावर, हे मी रिपोर्टमध्ये तांत्रिक भाषेत लिहिलं. बिशपसाहेब म्हातारे, गुडघ्यांनी अधू, बोली थेट नगरची. म्हणाले, “मग नवं बांधावं लागंल. आमाला लई मोठं नको. पण पोरांना वाटलं पायजे, का हे आपलं हाये. आहे का कोणी तुमच्या वळखीत?” मी म्हणालो, “माझे दाजी आहेत. डोकं जरा तिरकं आहे, पण रेघ सरळ काढतात.”

पहिल्याच भेटीत चर्चच्या समितीच्या सेक्रेटरीने विचारलं. हे गृहस्थ विमा कंपनीतून निवृत्त झालेले, मुलुंडला राहणारे, बोलताना दर वाक्याला चष्मा पुसणारे. “तुम्ही बौद्ध ना? मग चर्च कसं काय काढणार?” दाजी शांतपणे म्हणाले, “बावीस वर्षं टॉवरचे संडास काढले. वापरणाऱ्याचा धर्म मला कोणी विचारला नाही.” सेक्रेटरींचा चष्मा हातातच राहिला. बिशपसाहेब मात्र पोट धरून हसले. काम दाजींना मिळालं. दुसऱ्या दिवशी दाजींनी नोकरीचा राजीनामा दिला. ताईला हे मी सांगितलं, कारण ते सांगायला विसरले होते. ताई त्या उघड्या भिंतीकडे बघत म्हणाली, “संडास तरी होते रे हातात.”

पुढचे सहा रविवार दाजी त्या शेडमध्ये सगळ्यात मागे जाऊन बसले. हाडाचे नास्तिक, पण भजनाला उभे राहायचे, प्रार्थनेला डोळे मिटायचे आणि मधूनच एक डोळा उघडून बघायचे. इतर दिवशी रिकाम्या प्लॉटवर खुर्ची टाकून बसत. कांजूरला कचऱ्याचं डम्पिंग जवळ, वारा फिरला की नाकाला रुमाल. दाजींनी त्याची वही केली. वार, वेळ, वारा कुठून, आणि वासाला दहापैकी मार्क. साइटवर भेटायला गेलेल्या बिशपसाहेबांना त्यांनी “आत्ता साडेसात” असं सांगितलं, तेव्हा साहेबांना वाटलं घड्याळ बंद पडलंय. सहाव्या रविवारी भजन संपल्यावर दाजींनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, “साहेब, तुमची माणसं रडतात कुठे बसून?”

बिशपसाहेब चमकले. मग हळूच म्हणाले, “मागं. त्या कोपऱ्यातल्या खांबाआड. पण सगळ्यांना दिसतंच की. म्हणून बाया रडायचं टाळत्यात.”

दाजींनी मान हलवली, आणि त्या एका उत्तरावर त्यांनी आख्खं कॅथेड्रल काढलं. मनोरा नाही, कमान नाही, रंगीत काच नाही. आत शिरायचं दार मुद्दाम बुटकं, मान किंचित लववून जावं लागेल एवढं. आत पाऊल टाकलं की डोक्यावरचं छत एकदम वर जातं, कागदाला घड्या घालून उभा करावा तसं काँक्रीटचं घड्यांचं छत, चाळीस फुटांवर. छतात पूर्वेला लांबच लांब फट, तिच्यावर काच. सकाळचा उजेड त्या फटीतून उतरून समोरच्या भिंतीवरून तासभर सरकत जाणार. डम्पिंगच्या बाजूची भिंत सलग बंद, आणि चार फूट जाड. त्या जाडीत अकरा कोनाडे. प्रत्येकात एकाच माणसाला बसता येईल असा दगडी ओटा, बाजूने झाकलेला, वरून थोडासा उजेड. आत बसलेल्याला वेदी दिसावी, पण बाकीच्यांना तो दिसू नये. सगळ्या नकाशावर कोनाड्यांना नुसते आकडे होते. दाजींच्या स्वतःच्या प्रतीवर मात्र बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘रडायची जागा’.

पुठ्ठ्याचं मॉडेल चार महिने त्यांच्या जेवणाच्या टेबलावर होतं आणि घरची मंडळी जमिनीवर जेवत होती. ताई म्हणायची, बाजार उठल्यावर उलटं टाकलेलं सूप वाटतं. सेक्रेटरी समितीच्या बैठकीत म्हणाले, “मला विचाराल तर हे पंपिंग स्टेशन आहे. चर्च वाटलं पाहिजे ना! मनोरा कुठाय?” दाजी म्हणाले, “मनोरा लांबून दिसावा म्हणून असतो. इथे चारी बाजूंनी चाळीस-चाळीस मजले उठतायत. तुमचा मनोरा दिसणार कोणाला? सातव्या मजल्यावरच्या बाथरूमला. मला माहितीय, मीच काढलंय ते.” बैठकीत हशा झाला, पण सेक्रेटरी हसले नाहीत. बिशपसाहेबांनी मॉडेलच्या कोनाड्यात बोट घालून पाहिलं, काही क्षण तसंच ठेवलं आणि म्हणाले, “हेच करायचं.”

त्या छताचं गणित मी केलं. आयुष्यात तेवढं चांगलं गणित मी पुन्हा केलं नाही. घड्यांचं छत दिसतं हलकं, पण एकेका घडीला आपला तोल स्वतः सांभाळावा लागतो. मी आणि दाजी तीन महिने भांडलो. ते म्हणायचे, “चार इंच जाडी बास.” मी म्हणायचो, “सहा.” मग ते मला “घाबरट इंजिनेर” म्हणायचे आणि पाच इंचांवर तडजोड व्हायची. छताच्या फळ्या काढल्या त्या सकाळी आम्ही दोघं आत उभे होतो. फटीतून उजेड आला आणि ओल्या करड्या भिंतीवर पडला. कामगार आपोआप थांबले. दाजींनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखायला लागला. “तुझ्या गणितावर उभंय रे हे,” ते म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत एक बिगारी बाई डबा घेऊन आली, इकडेतिकडे बघितलं, एका कोनाड्यात शिरली आणि पदर सावरून निवांत जेवत बसली. कोणाला दिसत नव्हती. आम्हाला नुसता डब्याचा आवाज येत होता. दाजी म्हणाले, “चाललं,” आणि बाहेर जाऊन नळावर बराच वेळ तोंड धूत बसले.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती हसत हसत सांगितली असती.

बिशपसाहेबांचे गुडघे पार गेले आणि ते निवृत्त होऊन बायकोबरोबर नगरकडच्या आपल्या गावी गेले. नवे आले ते तरुण, नम्र, आणि सेक्रेटरींच्या शब्दाबाहेर नसलेले. पहिल्याच पावसाळ्यात छताची फट गळली. कंत्राटदाराने काचा उलट्या उताराने बसवल्या होत्या, दाजींनी शिडीवर चढून दाखवूनही दिलं, दोन दिवसांचं काम होतं. पण नव्या बिशपसाहेबांच्या उपदेशात मधोमध, उघड्या बायबलवर एक थेंब पडला होता, आणि सेक्रेटरींना तीन वर्षांपासून हवी होती ती सबब त्या थेंबाने दिली. समितीने दाजींना न बोलावता ठरवलं की फट पत्रा टाकून बंद करायची, आतून पीओपीचं खोटं छत, भिंतींना क्रीम रंगाच्या टाइल, आणि वर फायबरचा मनोरा. मनोऱ्याचा भार ते छत घेईल, असं कोणा इंजिनिअरने लिहून द्यायला हवं होतं.

सेक्रेटरी माझ्या ऑफिसात आले. चष्मा पुसत म्हणाले, “छत तुम्हीच केलंय, तेव्हा तुमच्यासारखं कोण सांगणार? आणि दाजींना आत्ताच काही बोलायची गरज नाही, नाही का? त्यांना त्रास होईल.” मी म्हणालो, “बघतो.” आणि संध्याकाळी सही केली.

का केली, याची उत्तरं मी स्वतःला बरीच दिली आहेत. मी नाही तर दुसरा कोणी करेल, आणि तो छताची वाट लावेल. गिऱ्हाईकाला हवं ते करायचं, आपण कोण अडवणारे. समितीत चार ओळखी आहेत, पुढे कामं येतील. सगळी खरी आहेत, आणि एकही खरं नाही. खरं असं, की वीस वर्षं मी त्या माणसापुढे अर्धा इंच कमी पडत आलो होतो. माझ्या घराला त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं. माझ्या सासऱ्यांच्या कमानीवर त्यांनी टकटक केली होती ती मला आत कुठेतरी अजून ऐकू येत होती. त्या दिवशी सहीचं पेन हातात घेतलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. एकदा कळू दे ह्यांना, की जग कसं चालतं, असंच वाटलं. सहीला वेळ लागत नाही, हेच तिचं वाईट आहे.

दाजींना साइटवर कळलं. फोरमनच्या टेबलावर मनोऱ्याचा नकाशा पसरलेला होता, खाली माझी सही. त्यांनी फोरमनकडे माझ्या गणिताची प्रत मागितली, घडी घालून खिशात ठेवली आणि घरी गेले. ताईने मला फोन केला. ती एवढंच म्हणाली, “तू केलंस?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “मला वाटलं तुझी सही कोणीतरी खोटी मारली असेल. मी त्यांना तसं सांगतसुद्धा होते,” आणि तिने फोन ठेवला.

दोन दिवस मी आरडाओरड्याची तयारी करून बसलो होतो. उत्तरं पाठ केली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी दाजी माझ्या ऑफिसात आले. बसले नाहीत. खिशातून माझे कागद काढून टेबलावर ठेवले. एका आकड्याभोवती पेन्सिलीने गोल होता.

“इथे एक चूक आहे,” ते म्हणाले. “वारा तुम्ही शहरातला धरलाय. खाडीकडून तिथे वारा मोकळा येतो, मी बघितलाय. सोळाचे बोल्ट पुरणार नाहीत. वीसचे घ्या.”

मी म्हणालो, “दाजी, ऐका तरी...”

“खाली माणसं बसणार आहेत,” ते म्हणाले. आणि गेले.

मी तो आकडा पुन्हा करून पाहिला. त्यांचं बरोबर होतं. ज्या मनोऱ्याने त्यांच्या इमारतीचा खून होणार होता, तो मनोरा कोणाच्या डोक्यात पडू नये म्हणून हा माणूस दोन दिवस आकडेमोड करत बसला होता. मी वीस मिलिमीटरचे बोल्ट लिहून सुधारलेला नकाशा पाठवून दिला. त्यांचं नाव कुठेही लिहिलं नाही. लिहायची जागा नसते तिथे. पण ते गेल्यावर मला जाणवलं ते वेगळंच होतं. ताईच्या लग्नाच्या दिवसापासून ते मला ‘अरे इंजिनेर, तू’ म्हणत आले होते. त्या दिवशी ते ‘तुम्ही’ म्हणाले होते. आजतागायत तुम्हीच म्हणतात.

बदललेल्या चर्चच्या उद्घाटनाला दाजींनी एक ओळीचं पत्र पाठवलं: ‘ही इमारत माझी नाही, माझं नाव घालू नये.’ सेक्रेटरींनी तेवढी एक सूचना मात्र काटेकोर पाळली. संगमरवरी पाटीवर नवे बिशप आहेत, समिती आहे, कंत्राटदार आहे, आणि सोनेरी अक्षरात मी आहे, आडनावात एक वेलांटी चुकून. दारात उभं राहून समितीने लोकांना पेढे वाटले. सगळ्यांना चर्च फार आवडलं. हे मी कडवटपणाने सांगत नाही, खरंच आवडलं. माणसं मान वर करून मनोऱ्याचे फोटो काढत होती, म्हाताऱ्या टाइलवरून हात फिरवत होत्या, पोरांनी पीओपीच्या गुलाबांखाली सेल्फी घेतल्या. अकरापैकी नऊ कोनाड्यांना प्लायवूडची दारं लागली होती. एकात साउंड सिस्टिम, एकात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एकात नाताळचे कागदी तारे. भजन सुरू झालं तेव्हा एक मध्यमवयीन बाई मागे उभी राहून डोळे पुसत होती. चार जणी लगेच तिच्याभोवती जमल्या आणि काय झालं, काय झालं म्हणून विचारू लागल्या. ती हसून “काही नाही, काही नाही” म्हणाली आणि पुढे जाऊन बसली.

त्यानंतर दाजी फार सज्जन झाले. ही शिक्षा मला कोणी सुचवली असती तर मी हसलो असतो. लग्नात खांबाकडे बघत नाहीत. सोसायटीच्या पुढच्या फाटकाने, सिंहांच्या मधून जातात. गेल्या वर्षी मी मुलुंडला नवा फ्लॅट घेतला. बायकोने हॉलला तीन थरांचं खोटं छत करून घेतलं, आत निळे दिवे. दाजी वास्तुशांतीला आले, सोफ्यावर बसले, वर बघितलं आणि म्हणाले, “छान केलंय तुम्ही.” बायकोला आनंद झाला. मी पाणी आणायच्या निमित्ताने किचनमध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. त्यांनी अगदी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी खोटं बोलायचे कष्ट घेतले होते, जसं आपण परक्यांसाठी घेतो.

माफी मी एकदाच मागितली. याच आठवड्यात, त्यांच्याच घरी. ताई बाजारात गेली होती. मी म्हणालो, “दाजी, माझं चुकलं.” ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “चहा घ्या, गार होतोय.” मी चहा घेतला. मग विषय बदलावा तसं त्यांनी सांगितलं की जुने बिशपसाहेब गेले. ते एकटेच एसटीने गावी जाऊन आले होते. मातीला सगळे आले होते, सेक्रेटरीसुद्धा. सगळे निघून गेल्यावर साहेबांच्या बायकोने दाजींना थांबवून घेतलं आणि म्हटलं, कबरीवर दगड बसवायचाय, तेवढा तुम्ही काढून द्या, ते सारखं तुमचं नाव काढायचे.

दाजींनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. एकच आडवा दगड, काळ्या बसाल्टचा, कुठेही नक्षी नाही, नाव आणि खाली किंचित उतार, पावसाचं पाणी साचू नये एवढा. तीन वर्षांत त्यांनी काढलेली मी पाहिलेली ही पहिली रेघ. उजव्या टोकाला ती दोनदा ओढलेली होती. त्यांनी चष्मा वर सरकवला, कागद माझ्याकडे फिरवला आणि विचारलं, “जमीन काळी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते. किती खोल जावं लागेल?”

त्या वाक्यात तू नव्हतं आणि तुम्हीही नव्हतं. मी घाईघाईने उत्तर दिलं नाही. दगडाचं वजन विचारलं, लांबी-रुंदी विचारली, गावात विहिरीला पाणी किती फुटांवर लागतं ते विचारलं. त्यांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं, सगळं मोजून आले होते. मग मी म्हणालो, “कबरीच्या बाहेर, दोन्ही टोकांना पाच फूट. खाली मुरमाचा थर घालून ठोकून घ्यायचा, नाहीतर दोन पावसाळ्यांत एका बाजूला कलेल.” त्यांनी पेन्सिल उचलली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, पाच फूट, मुरूम.

“रविवारी जातोय,” ते म्हणाले. “ठाण्याहून सहाची गाडी आहे.”

चला म्हणाले नाहीत. नको असंही म्हणाले नाहीत. उद्या रविवार. मी साडेपाचला जाऊन स्टँडवर उभा राहणार आहे.